अध्यक्षबाई हजर होत्या

"हौसाबाई काशिराम नाखवा कोण?"

पोलीस उपनिरीक्षक मोनाली घरतनं अंगणातूनच विचारलं. आवाज मुद्दाम कडक ठेवला होता. पळस्प्याच्या पुढे, गोव्याच्या रस्त्याला, जलधन फ्रोझन फूड्स नावाच्या कोळंबीच्या कारखान्यात शीतयंत्रातल्या अमोनिया वायूची गळती झाली होती. एक तरुण कामगार बाई गुदमरून मेली होती. त्या कारखान्याच्या सुरक्षा समितीच्या अध्यक्षांना मोनाली न्यायला आली होती. धोक्याचा भोंगा बंद ठेवण्याचा आदेश अध्यक्षांनीच दिला होता, असं कंपनीनं शेअर बाजाराला लेखी कळवलं होतं. फिर्यादीतही तेच नाव होतं.

पण वाटेतच तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं होतं. उलव्याचे अर्धवट टॉवर मागे पडले, डांबर संपलं, आणि जीप खाडीकाठच्या कोळीवाड्यात येऊन थांबली. लिमिटेड कंपनीची संचालक इथे राहते?

ओटीवर दहाबारा बायका गप्प बसल्या होत्या. त्यांतली एक भिंतीला हात लावत उभी राहिली. लुगडं चुरगळलेलं, डोळे सुजलेले.

"मीच हौसा. काय झालं, बाय?"

"चला. ठाण्यात यावं लागेल."

हवालदार बळीरामनं मोनालीच्या कोपराला हळूच हात लावला. "मॅडम, आत बघा."

आत पाटावर एक फोटो होता. ताजा हार, समई. फोटोतला चेहरा मोनालीनं परवाच पाहिला होता, शवागारात. प्रांजल तांडेल. कारखान्यात मेलेली ती. कागदांवर नातेवाईक म्हणून फक्त नवऱ्याचं नाव होतं.

मोनालीनं टोपी काढली.

"मावशी, ही तुमची कोण?"

"माजी पोर. नवऱ्यानं टाकलेली, म्हनून माज्याकरंच होती."

हातातलं वॉरंट मोनालीला एकदम घाण वाटायला लागलं. पोरीच्या मरणासाठी हे कागद आईलाच धरून न्यायला सांगत होते.

"मावशी, तुमी जलधन कंपनीच्या संचालक हाव?" ती तिच्याच बोलीत उतरली. बेलपाड्याच्या आगरी घरातली पोर ती.

"कनची कंपनी? पोर जायाची ती?"

"सुरक्षा समितीच्या अध्यक्ष?"

"मी मासली इकते, बाय. समिती कनची?"

"भोंगा बंद करा असा कोनाला फोन केलाव?"

हौसाबाईनं तिच्याकडे नुसतं पाहिलं. मग एकाएकी तिचा आवाज फुटला. "माज्या पोरीचा भोंगा मी बंद केला? कोन म्हनतं? त्याला माज्या पुढ्यात आन!"

बायका उठल्या. कोणीतरी शिवी दिली. बळीराम मागे सरकला, मोनाली मात्र जागची हलली नाही.

"मावशी, आनते. पन मना सांगा, तुमचे कागद कोनी नेले? पॅन कार्ड, फोटो, सही?"

हौसाबाईनं डोळे पुसले. आठवत राहिली. "गेल्या साली कॉलेजच्या पोरी आलेल्या. मासलीवाल्या बायांना बर्फाच्या पेट्या देताव म्हनल्या. सह्या घेतल्या, फोटो काढला. पेटी आली. मंग कंपनीचं बोलावनं आलं, घरातल्या एकीला नोकरी हाय म्हनून. प्रांजल गेली." ती थांबली. "मीच धाडली."

कोपऱ्यात ती निळी पेटी होती. झाकणावर कंपनीचं नाव ठळक छापलेलं.

मोनालीनं वॉरंटची घडी खिशात घातली आणि जीपमध्ये बसून वरिष्ठांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"घरत, कागदावर नाव तिचं आहे," वरिष्ठ म्हणाले. "कायद्याला आधी कागद दिसतो. उद्या सकाळी एकतर तिला आण, नाहीतर दुसरं नाव आण. पुराव्यासकट."

"दुसरं नाव आणते, सर."

फोन ठेवला आणि तिनं जीप थेट कारखान्याकडे घ्यायला सांगितली.

•

कारखान्यात गळती झालेली एक शीतखोली तेवढी सील होती. बाकीचा कारखाना धडधडत होता. हातमोजे घातलेल्या पोरी कोळंबी सोलत होत्या आणि मान वर न करता गणवेशाकडे बघत होत्या.

व्यवस्थापक निकेश ठाकूर तिशीचा, घामेजलेला माणूस. त्यानं भिंतीवरचा भोंगा दाखवला. वायर कापून तिला टेप गुंडाळलेली होती.

"कोणी कापली?"

"मी." त्यानं मान खाली घातली. "पण मॅडम, ऑर्डर होती. चेअरपर्सन मॅडमचा फोन आला होता. हौसाबाई मॅडमचा."

"का कापायला सांगितली?"

"सारखा वाजायचा ना. प्रत्येक वेळी वाजला की घटना म्हणून नोंद करायची, नोंद झाली की वर्षाच्या अहवालात जाहीर करायची. आमचा तो आकडा शून्य असतो, दरवर्षी. मॅडम म्हणाल्या, खोटा वाजणारा भोंगा काय कामाचा, बंद ठेवा."

"खोटा वाजायचा?"

निकेश वायरीवरची टेप नखानं खरवडत राहिला.

"मी काहीतरी विचारलं."

"खोटा नाही. जुना पाइप होता. थोडं थोडं गळायचं. मी बदलायला मागितला होता. पण पाइप बदलायचा तर माल थांबणार, आणि वरून उत्तर आलं, पुढच्या तिमाहीत बघू."

"पाइप गळतो म्हणून भोंगा ओरडत होता, आणि तू भोंग्याचा गळा कापलास."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मोनालीला त्याची दया आली नाही.

"या हौसाबाई मॅडमना कधी पाहिलंस?"

"नाही. फोनवर फक्त. कडक आवाज होता. मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. शाळेत बाई ओरडल्या की राहतो ना, तसा."

"मेलेल्या प्रांजलचं आणि त्यांचं काही नातं?"

"प्रांजल तांडेलचं? चेअरपर्सनशी?" निकेशला प्रश्नच कळला नाही. "कसं असेल?"

"हे असलं अहवालाचं, आकड्यांचं कोण बघतं तुमच्याकडे?"

"ते सगळं पेणकर सर. स्वतंत्र संचालक आहेत, म्हणजे मालकाच्या घरातले नव्हेत, बाहेरचे. त्यांच्यामुळे तर कंपनीला पारदर्शकतेचं बक्षीस मिळालं."

•

डॉ. दिनकर पेणकर जुन्या पनवेलमध्ये तलावाजवळ राहत. दुसरा मजला. खालच्या मजल्यावर तबल्याचा क्लास होता, मुलं एकाच ठेक्यावर घासत होती, आणि सरांच्या दिवाणखान्यातली काचेची सन्मानचिन्हं त्या ठेक्यानं बारीक थरथरत होती.

"या, या. दुपारभर असाच कालवा असतो, सवय करून घ्यावी लागते." सर उंच, गोरे, शांत. निवृत्त प्राध्यापक. "अजूनही आठवड्यातून दोनदा कॉलेजात शिकवतो. मुलांना गावोगाव सर्वेक्षणाला पाठवतो. पुस्तकातून किती शिकणार?"

त्यांच्या पत्नी सुमतीबाईंनी चहा आणला. केसांत एकही बट इकडची तिकडे नाही, इस्त्रीची सुती साडी. बळीरामनं कप घाईनं उचलला तशी त्यांनी नजरेनंच त्याला बशी दाखवली. बळीरामनं निमूट बशी घेतली. बाई न बोलता आत गेल्या.

"जलधनमध्ये आपलं काम काय?" मोनालीनं विचारलं.

"कंपनीनं काय काय जाहीर करावं, हे मी पाहतो. संचालक कोण, बैठकींना कोण हजर, कुठल्या समित्या, किती अपघात. माझा सगळा अभ्यासच त्यावर आहे. जी कंपनी जास्त उघड करते, तिच्यावर बाजार विश्वास टाकतो. विश्वास आला की कर्ज स्वस्त मिळतं, भाव चढतो, कामगिरी सुधारते. हे मी आकडेवारीनं दाखवून दिलंय. जलधन तर माझं आवडतं उदाहरण."

"आणि जे उघड केलं ते खोटंच असेल तर?"

सर हसले. वर्गातल्या ढ पोरीकडे बघून हसावं तसे. "आकडेवारी खरंखोटं बघत नाही हो. उघड केलं की नाही, एवढंच बघते. केलं की एक गुण."

मोनालीच्या कानशिलात रक्त उसळलं. तिनं कप खाली ठेवला.

"हौसाबाई नाखवा बैठकींना यायच्या?"

"प्रत्येक बैठकीला हजर. व्हिडिओवरून अर्थात. इतक्या लांबून कशा येणार त्या? कायद्यानं चालतं ते."

"तुम्ही त्यांना समोरासमोर भेटलात?"

"कधीच योग आला नाही."

"भोंगा बंद करायचा निर्णय त्यांचा?"

"त्यांचा एकटीचा. आम्हाला घटनेनंतरच कळलं. फार दुर्दैवी." सरांनी उसासा टाकला. "पण तुम्हीही जरा माणुसकीनं घ्या. चूक झाली असेल बाईची. पोटची पोर गेल्यावर लगेच तिच्या दारात पोलीस उभे करायचे, हे काही मनाला पटत नाही."

"आमचं काम आम्हाला कळतं, सर," मोनाली तडकून म्हणाली आणि उठली. तिला त्या खोलीत बसवेना. जिन्यावरून उतरताना तबल्याचा ठेका तिच्या डोक्यात घण घातल्यासारखा आदळत राहिला.

•

कंपनीचा मालक प्रणित भोईर. खारघरला त्याचा बंगला. बाप मिठागरात राबला, पोरानं जमिनीच्या पैशात कारखाना उभारला आणि शेअर बाजारात नेला. सोफ्यावर बसून तो सतत अंगठी फिरवत होता.

"मोनालीताई, आपन एकाच मातीतले," त्यानं सुरुवात केली.

"ताई नाही, मॅडम. आणि माती मध्ये आणू नका. त्या मातीतली एक पोर मेलीय."

त्यानं अंगठी काढून हातात घेतली.

"हौसाबाईंना संचालक कोणी केलं?"

"कायदा आला ना, की एक बाई पायजेच. मी म्हनलो, माजी नीता हाय की घरात. पन सल्ला असा पडला की घरातली बाई बसवली तर गुन कमी. स्वतंत्र पायजे, त्यात गावची, कष्टकरी असली तर बेस्ट. अहवालात छान दिसतं."

"मग खरी बाई आणायच्या ऐवजी तुम्ही नीतावहिनींनाच पडद्यासमोर बसवलंत."

प्रणितचा चेहरा पडला. "काय?"

"हौसाबाईला आपण संचालक आहोत हेसुद्धा माहीत नाही. तुमच्या बैठकीत बोलायचं कोण? बोलवा वहिनींना."

नीता आली तीच भडकून. तिनं दारामागून सगळं ऐकलं होतं. "आमी? आमी कशाला असले धंदे करू? मना तर संचालकच करनार होते, मीच नाय म्हनले. आमच्यातली कोन बाय तशी बोलेल तरी का? यांनीच सांगितलंय मना ती कशी बोलते ते!"

मोनाली सावध झाली. "कशी बोलते?"

प्रणितनं बायकोकडे पाहिलं, मग आठवत म्हणाला, "पहिल्या बैठकीला डोक्यावरून पदर घेतलेली बाई दिसली, अंधारातच. मंग कॅमेरा बंदच असायचा, गावात नेट नाय म्हनून. पन आवाज ऐकून मीच चाट पडलो. कोळीन, आनि 'आम्हाला हा ठराव मान्य आहे' एकदम धड्यातल्यासारखं! मला वाटलं, शिकली असंल."

"आणखी काय आठवतं? नीट आठवा."

"आनखी काय? मागं तबला वाजायचा. मी म्हनलो, गावात भजनाची तयारी चालली असंल."

मोनालीनं बळीरामकडे पाहिलं. बळीराम तिच्याकडेच बघत होता.

"एकच विचारते. मेलेली प्रांजल तांडेल हौसाबाईची कोण होती, माहीत आहे?"

"कोन होती?"

"मुलगी."

प्रणितच्या हातातली अंगठी गळून फरशीवर पडली. ती उचलायचंही त्याला सुचलं नाही. नीता मटकन खाली बसली.

इतका वेळ डोक्यात घण घालणारा ठेका आता मोनालीला नीट ऐकू येत होता. आणि त्यावरचं एक वाक्यही, जे तिनं रागाच्या भरात ऐकून सोडून दिलं होतं.

"उद्या सकाळी संचालकांची बैठक बोलवा," ती म्हणाली. "कारखान्यातच. पेणकर सरांना सांगा, सपत्नीक या. आणि निकेशला दाराशी उभा करा."

•

बैठकीची खोली पहिल्या मजल्यावर होती. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर ते पारदर्शकतेचं बक्षीस. प्रणित एका टोकाला बसला होता. पेणकर सर कागद लावत होते. सुमतीबाई त्यांच्या शेजारी, पर्स मांडीवर घेऊन.

"माझ्या पत्नीचं इथे काय काम, ते कळलं नाही," सर म्हणाले.

"कळेल."

मोनालीनं दार उघडलं. हौसाबाई आत आली. पाय अनवाणी, लुगडं तेच. तिनं एकेका चेहऱ्याकडे पाहिलं आणि कोणी सांगायच्या आत एक खुर्ची ओढून बसली.

"या कोण?" सरांनी विचारलं.

"तुमच्या सुरक्षा समितीच्या अध्यक्ष," मोनाली म्हणाली. "प्रत्येक बैठकीला हजर असायच्या म्हणे. ओळखलं नाहीत?"

सरांनी चष्मा सारखा केला. "अच्छा, हौसाबाई! समोरासमोर पहिल्यांदाच."

"हौसाबाई, या साहेबांशी तुम्ही कधी बोललात?"

"मी तोंड नाय बघितलं यांचं."

"आवाज तर खूप वेगळा आहे, नाही का, भोईरसाहेब?"

प्रणितनं मान हलवली. "हा आवाज नव्हता."

"सुमतीबाई," मोनाली अचानक वळली, "आपण शाळेत शिकवायचात ना? कुठला विषय?"

"मराठी," बाईंनी सवयीनं उत्तर दिलं. "तीस वर्षं. पण त्याचा इथे काय संबंध आहे?"

दाराशी निकेश ताठ उभा राहिला. नकळत. मग त्याचा चेहरा पांढरा पडला. "मॅडम... हाच. फोनवरचा आवाज हाच."

"मूर्खपणा!" पेणकर सर उठले. "आवाजावरून तुम्ही कोणावरही काय वाट्टेल ते..."

"बसा." मोनालीचा आवाज चढला नाही, पण सर बसले. "आवाजावरून नाही म्हणत मी. तुमच्याच बोलण्यावरून म्हणते. काल मी तुमच्याकडे अध्यक्षांची चौकशी करायला आले. त्यांची मुलगी गेलीय, हे मी सांगितलं नव्हतं. मेलेल्या मुलीचं आडनाव तांडेल, आईचं नाखवा. रोज तिच्याकडून काम करून घेणाऱ्या व्यवस्थापकाला नातं माहीत नव्हतं. कंपनीच्या मालकाला माहीत नव्हतं. आणि ज्या बाईला तुम्ही कधी भेटला नाहीत, तिची 'पोटची पोर गेली' हे तुम्हाला माहीत होतं. कुठून?"

सरांनी बाटलीकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला.

"मी सांगते. तुमच्या कॉलेजच्या पोरी कोळीवाड्यात सर्वेक्षणाला गेल्या. बर्फाच्या पेट्या द्यायच्या नावाखाली घराघरातले कागद तुमच्याकडे आले. कोणाच्या घरात कोण आहे, सगळं त्यात होतं. त्यातून तुम्ही हौसाबाईला निवडलंत. विधवा, कष्टकरी, कोळीण, अहवालात शोभून दिसणारी. तिला न विचारता संचालक केलंत. तिच्या नावाचं सिमकार्ड घेतलंत, डिजिटल सही काढलीत. आणि घर उपकारात राहावं म्हणून तिच्या पोरीला इथे नोकरी लावलीत."

"हा सगळा तर्क आहे."

"बैठकीच्या वेळी अध्यक्षबाईंच्या मागे तबला वाजायचा. कोळीवाड्यात भजन नव्हतं. तुमच्या खालच्या मजल्यावरचा क्लास होता. आणि बळीरामनं त्या सिमकार्डाची माहिती आज सकाळी मोबाइल कंपनीकडून काढलीय. खाडीकाठच्या टॉवरवर तो नंबर एकदाही लागलेला नाही. प्रत्येक वेळी तलावाजवळच्या टॉवरवर. निकेशला भोंग्याचा फोन आला तेव्हाही."

खोलीत फक्त खालच्या यंत्रांची घरघर ऐकू येत होती.

"मी वाचून दाखवायचे फक्त," सुमतीबाई एकदम म्हणाल्या.

"सुमती, गप्प बस!"

"हे लिहून द्यायचे, मी वाचायचे. म्हणाले, ती बाई लाजते, बोलत नाही, तिच्या वतीनं तू बोल, तिची संमती आहे."

"आणि भोंगा बंद ठेवायचा फोन?" मोनालीनं विचारलं. "तोही वाचलात? त्याचा अर्थ कळला नाही?"

बाईंनी मांडीवरची पर्स घट्ट धरली. "मला वाटलं... शाळेत उगाच वाजणारी घंटा बंद ठेवायला सांगतो, तसं काहीतरी."

"तीस वर्षं मुलांना वाक्यांचे अर्थ विचारलेत तुम्ही!"

पेणकर सरांनी टेबलावर हात आपटला. शांतपणा कुठल्याकुठे गेला होता. "मी कोणाला मारलं नाही! या कंपनीला कोण विचारत होतं? माझ्या अहवालांनी हिला उभं केलं. एक घटना जाहीर झाली असती, एक, तरी गुण घसरले असते, परदेशी गुंतवणूकदार गेला असता. सगळ्या परिषदांमध्ये मी हिचं उदाहरण दिलंय. अशा समित्या सगळीकडे कागदावरच असतात. खरी बाई बसवून काय फरक पडला असता?"

"फरक?" मोनाली त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिला त्यांची कॉलर धरायची होती. तिनं हात पाठीमागे बांधले. "खरी हौसाबाई इथे बसली असती, तर तिची पोर खाली काम करत होती. भोंगा का वाजतो, हे तिनं पहिल्याच दिवशी विचारलं असतं. तेच नको होतं तुम्हाला. प्रश्न विचारणारी बाई नको होती, तिचं नुसतं नाव पाहिजे होतं. आणि पोर मेल्यावर त्याच नावावर खून ढकलायला निघालात. म्हणे माणुसकीनं घ्या!"

बळीराम पुढे झाला. बनावटगिरी, तोतयेगिरी, सदोष मनुष्यवध, मोनालीनं एकेक सांगितलं. सर उठताना अडखळले. दोघांनाही बाहेर नेलं तेव्हा सुमतीबाई हौसाबाईसमोर क्षणभर थांबल्या, हात जोडले. हौसाबाईनं तोंड फिरवलं.

प्रणितनं सुटकेचा श्वास सोडला. "मॅडम, उपकार झाले. मला यातलं काय म्हंजे काय ठाऊक नव्हतं."

"पाइप पुढच्या तिमाहीत बघू, हे उत्तर कोणाचं होतं?"

त्याची मान खाली गेली. "माजं."

"मग तुम्हीही चला. निकेश, तूही. ठाऊक नव्हतं हे न्यायाधीशांना सांगा."

"येतो, येतो. पन आधी हौसाबाईंचं नाव काढून टाकू. आजच काढू." तो घाईघाईनं हौसाबाईकडे वळला. "आनि तुमची भरपाई, तुमी म्हनाल ती. कुटं सही करायची नाय, काय नाय."

हौसाबाई त्याचं काहीच ऐकत नव्हती. तिचं लक्ष पायाखालच्या घरघरीकडे होतं.

"खाली कोन हाय?" तिनं विचारलं.

"खाली? सकालची पाळी. पोरी हायत कामावर."

"भोंगा चालू केलाव?"

प्रणितनं निकेशकडे पाहिलं. निकेशनं जमिनीकडे.

"आन तो पाइप?"

एक खोली सील होती म्हणून बाकीचं सगळं ठीक आहे, असं या सगळ्यांनी धरलं होतं. काल या पोरींमधून चालत जाताना आपणही हे विचारलं नाही, हे मोनालीच्या ध्यानात आलं आणि तिच्या रागाला आता धरायला दुसरं कोणी उरलं नाही.

हौसाबाई उठली होती. जिना उतरताना तिनं कठड्याला हात लावला नाही. खालचं जाड दार तिनं दोन्ही हातांनी लोटलं. गार वाफ बाहेर आली, आणि तिच्यासोबत अमोनियाचा तो उग्र वास, डोळ्यांत झोंबणारा, अगदी थोडासा.

"पोरींनो, चला भायेर!"

कोळंबी सोलणारे हात थांबले.

"माल खराब होईल!" प्रणित जिन्यावरून ओरडला. "आख्खा कंटेनर जायचाय आज!"

मोनाली जिन्याच्या तोंडाशी आडवी उभी राहिली. "एक पायरी खाली या, भोईर. एकच. मग बघा."

तो खाली आला नाही. निकेशनं कोणाला न विचारता यंत्राचं बटण दाबलं. घरघर अडखळली, खोल गेली आणि थांबली. मोनालीनं कारखाना निरीक्षकांना फोन लावला आणि सगळा कारखाना सील करायला या म्हणून सांगितलं, सगळा, दारापासून.

"भामा, चल. मालू, हात नंतर धू. चल म्हनते ना!" हौसाबाईला त्यांतल्या अर्ध्या पोरींची नावं माहीत होती. आसपासच्याच वाड्यांतल्या होत्या त्या. ती एकेकीच्या पाठीला हात लावून बाहेर ढकलत होती. कोणी रडत होती, कोणी भांबावून विचारत होती, आजचा रोज मिळेल ना.

बाहेर ऊन कडक होतं. पोरी हातमोजे घालूनच अंगणात उभ्या राहिल्या. मोनालीनं हाक मारली, "मावशी, आता चला." पण शेवटची पोर उंबरा ओलांडेपर्यंत हौसाबाई त्या दारातून हलली नाही.